मतांचे आकडे : संशय कुठे घ्यावा, नमुना कुठून काढावा

आपल्या इंदापूरहून नीरा नदी ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. त्या तालुक्यातले मारकडवाडी हे गाव डिसेंबर २०२४ मध्ये देशभर गाजले. विधानसभेच्या निकालात या गावात राम सातपुते यांना १००३ आणि उत्तमराव जानकर यांना ८४३ मते निघाली. वास्तविक मतदारसंघातून जानकरच १३ हजारांवर मतांनी निवडून आले होते. पण गावातल्या बऱ्याच मंडळींचे म्हणणे पडले की, आमच्याकडे त्यांना एवढी कमी मते पडतीलच कशी? त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले आणि ते मतदान झाले नाही.

तेव्हापासून आपल्याकडेही पारावर आणि डेअरीच्या रांगेत हाच विषय निघतो. मला विचारतात, "साहेब, तुमचं तर कामच आकड्यांचं. नुसत्या आकड्यावरून चोरी कळते का हो?" मी सरकारी नोकर, त्यामुळे पक्षाबिक्षाचे बोलणार नाही. आकड्यांपुरते सांगतो.

पीक कापणी प्रयोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक (आता पदांची नावे बदलली, काम तेच) गावात येतात. गट नंबर चिठ्ठी काढल्यासारखा निवडला जातो, १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखला जातो, कापणी होते, वजन होते. त्यावर अख्ख्या मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरते आणि पीकविम्याचे पैसे मिळणार की नाही तेही ठरते. नमुना काढण्याची ही शास्त्रशुद्ध पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

आता आतली गोष्ट. प्रयोग खरोखर शेतात झाला की टेबलावर बसून भरला, हे वजनाच्या शेवटच्या अंकावरून पुष्कळदा कळते. खऱ्या तराजूवर शेवटचा अंक ० ते ९ पैकी कोणताही येतो, प्रत्येक साधारण दहात एकदा. घरी बसून लिहिणारा माणूस मात्र ० आणि ५ वर घसरतो. जरा हुशार असला तर ० टाळतो, पण मग ४४, ७७ असे जोडअंक लिहायला त्याचा हात धजत नाही. नेमकी हीच परीक्षा अभ्यासकांनी नायजेरियाच्या २००३ च्या निवडणुकीतील मतांना लावली. तिथल्या तक्त्यांत शेवटी शून्य येण्याचे प्रमाण फार निघाले, स्वीडनच्या आकड्यांत तसे काही आढळले नाही. रशियात तर केंद्रांवरची टक्केवारी ७०, ७५, ८० अशा गोल आकड्यांवर गोळा झालेली सापडली. वरून कोणी "ऐंशी टक्के दाखवा" म्हटले की खालचा माणूस ऐंशीच दाखवणार.

पण बघा, ही परीक्षा हाताने लिहिलेल्या आकड्यांची. आपल्याकडे बेरीज यंत्र करते. यंत्रात कोणी लबाडी केली तर शेवटचा अंक चुगली करणार नाही. मोबाईलवर अधूनमधून "पहिल्या अंकाचा नियम" म्हणूनही एक संदेश फिरतो. तो इथे लावूच नये. तो नियम काही दहापासून काही लाखांपर्यंत पसरलेल्या आकड्यांना लागू पडतो. आपल्या केंद्रावर मतदारच हजार-बाराशेच्या आसपास, मग उमेदवाराच्या मतांचा पहिला अंक ठरावीक तीन-चार अंकांत फिरणारच. त्यात चोरी कसली?

"मागल्या वेळी एवढी पडली, आता एवढीच कशी" हाही पुरावा नव्हे. बारामतीचेच घ्या. मे २०२४ च्या लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. नोव्हेंबरात त्याच क्षेत्रात अजित पवार १ लाख ८९९ मतांनी निवडून आले. सहा महिन्यांत एवढा फरक! पण लोक दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरा पाठवतात, हे आपल्या भागाला सांगायला नको. म्हणून तुलना मागच्या निवडणुकीशी करून थांबू नये. त्याच निवडणुकीत शेजारच्या केंद्रांशी करावी. सगळीकडे वारा एकाच बाजूला फिरला असेल तर तो वारा आहे. एकाच केंद्रावर मतदानही एकदम वाढले आणि वाढलेली जवळपास सगळी मते एकाच चिन्हावर गेली, तर मात्र तिथे थांबून बघावे.

आता यंत्राच्या तपासणीचे गणित. हे नीट वाचा, कारण दोन्ही बाजूंचे लोक यात अर्धेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रात ५ केंद्रे चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडतात. समजा एका मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत आणि त्यातली ३ यंत्रे बिघडवलेली आहेत. पाच चिठ्ठ्यांत त्यातले एखादे सापडण्याची शक्यता शंभरात फक्त ५. तीस यंत्रे बिघडवलेली असली तरी शंभरात सुमारे ४१. म्हणजे एखाद्या तालुक्यापुरती लबाडी या पाच चिठ्ठ्यांतून सहज निसटू शकते.

पण सबंध राज्य धरा. २८८ मतदारसंघांत मिळून १४४० केंद्रांची मोजणी झाली आणि कुठेही तफावत निघाली नाही, असे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. राज्यभर शंभरात एक यंत्र जरी बिघडवलेले असते, तरी १४४० चिठ्ठ्यांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे वीस लाखांत एक. तेव्हा "राज्यभर सगळी यंत्रेच फिरवली" हे म्हणणे या गणितापुढे टिकत नाही. मात्र "आमच्या चार केंद्रांवर काही झाले का" याचे उत्तर या मोजणीतून मिळत नाही. मतदार यादीत दुबार नावे असतील, मेलेल्याच्या नावावर कोणी मत टाकले असेल, तर तेही चिठ्ठीत दिसणार नाही. त्याची चिठ्ठी खरीच निघते.

मग गावाने काय करावे? मारकडवाडीसारखे फेरमतदान झाले असते तरी त्यातून फारसे कळले नसते, असे माझे मत आहे. ज्याला राग आहे तो रांगेत येतो, ज्याला नाही तो घरी बसतो. हा नमुना बांधाकडेच्या मातीसारखा.

माती परीक्षणाला आपण शेतभर नागमोडी फिरून नमुना घेतो, शेणखताच्या ढिगाखालचा घेत नाही. पण रोग ओळखायचा असेल तेव्हा रोगट पानच तोडून आणतो. इथेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ७ दिवसांत, खर्च भरून, ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. कोणत्या केंद्रांची यंत्रे हे उमेदवाराने सांगायचे. आकड्यांचा खरा उपयोग इथे. ही पाच टक्के रोगट पाने कोणती ते आकडे दाखवतात. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची तर मुदत ४५ दिवसांची.

त्यासाठी हाताशी कागद लागतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो. एकूण किती मते नोंदली गेली ते त्यात असते आणि सहीची प्रत हजर असलेल्या प्रतिनिधींना देणे त्याला बंधनकारक आहे. नंतर केंद्रनिहाय निकालाचा नमुना २० येतो. दोन्हीची बेरीज जुळली पाहिजे, एवढे साधे काम. संध्याकाळी पाचला जाहीर होणाऱ्या टक्केवारीवर वाद घालण्यापेक्षा हे बरे. २०२४ ला पाच वाजता ५८.२२ आणि शेवटी ६६.०५ टक्के निघाले, त्यावर केवढा गदारोळ झाला. हा फरक केंद्रामागे सरासरी ७५-७६ मतांचा आहे. मी स्वतः केंद्राध्यक्ष होतो. पाचच्या फोनला मी रांग बघत बघत अंदाजे आकडा सांगितला होता, खोटे कशाला बोलू? १७-क मात्र मोजूनच भरला.

आणि ग्रामपंचायत, झेडपीला तर व्हीव्हीपॅट वापरणार नसल्याचे राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये सांगितले. तिथे गावकऱ्यांच्या हातात प्रतिनिधीजवळचा कागदच उरतो.

गेल्या वर्षी एका गावात विधानसभेच्या निकालावर तावातावाने बोलणे चालले होते. गावात चार केंद्रे. मी म्हटले, आणा तुमच्या १७-क च्या प्रती, आत्ता बसून ताडून बघू. अर्ध्या तासाने एक प्रत आली, ती युरियाच्या पावत्यांत घडी घालून ठेवलेली होती. बेरीज तंतोतंत जुळली. दुसरी प्रत भिजलेली, आकडा वाचता येईना. राहिलेल्या दोन केंद्रांवरचे प्रतिनिधी साडेपाचलाच जेवायला घरी गेले होते.