गाडीच्या टपावरची छत्री

आमच्या मोटरहोमच्या टपावर टीव्हीची डिश आहे असं कळलं की तुमच्या वयाची मुलं हमखास विचारतात, "मावशी, आता सगळं मोबाइलवर दिसतं, मग ही छत्री कशाला?" माझा मुलगाही हेच म्हणाला होता. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर अर्धं तांत्रिक आहे आणि अर्धं आमच्या बाबांचं.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे. बँकेच्या नोकरीसाठी सावंतवाडीजवळच्या गावातून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. तीन वर्षांपूर्वी विस्मरण सुरू झालं. दिवसा ते बरे असतात, ऊन कललं की अस्वस्थ होतात, "घरी चला" म्हणत राहतात. घरात बसलेले असले तरीही. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की त्यांच्या ठरलेल्या वेळा मोडू नका. त्यांतली सगळ्यात पक्की वेळ म्हणजे संध्याकाळी सातच्या सह्याद्रीच्या बातम्या. तो आवाज आला की बाबा खुर्चीत टेकतात.

त्यांना गाव दाखवायचं होतं, ओळखू येतंय तोवर. हॉटेलात नवी खोली, नवं न्हाणीघर म्हणजे रात्रभर घालमेल, म्हणून आमचं मोटरहोम बरं. जुनी ट्रॅव्हलर घेऊन नवऱ्याने ते करून घेतलंय, आरसीवर तशी रीतसर नोंदही आहे. सरावासाठी एक रात्र भरूचच्या पुढे काढली. मोबाइलवर बातम्या लावल्या, तर चित्र चालायचं, थांबायचं, गोल फिरत राहायचं. मुलाने मग साठवून ठेवलेला व्हिडिओ लावला. बाबांनी दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "या कालच्या आहेत." सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण शिळ्या बातम्या बरोबर ओळखतात!

तेव्हा ठरलं की डिश लावायची. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

आधी थोडं आकाशातलं. डीडी फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. बडोद्याहून तो जवळपास नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून ५५ अंश वर. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री त्यावर आहे, आणि मोबाइलचा टॉवर जवळ असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. भुजला गेलात तर तो ५२ अंशांवर येतो, सावंतवाडीला जवळजवळ ६१ वर. घराच्या गच्चीवरची डिश एकदा जुळवली की वर्षानुवर्षं बघावी लागत नाही. गाडीवरची रोज नव्याने जुळवावी लागते, खरं काम तेच.

परदेशात मोटरहोमसाठी तयार डिश मिळतात. काही आतून हँडल फिरवून उभ्या राहतात, काही बटण दाबलं की स्वतःच उपग्रह शोधतात, काही घुमटाच्या आत असतात. स्वतः शोधणाऱ्या डिशमध्ये कुठल्या उपग्रहांची माहिती भरलीय ते आधी विचारावं. युरोपसाठी बनवलेल्या डिशला आपला जीसॅट माहीत असेलच असं नाही. घुमटातली डिश लहान असते, त्यामुळे पावसात लवकर मान टाकते. किंमती ऐकून आम्ही साध्या घरगुती ६० सेंटिमीटरच्या डिशवर आलो.

बसवताना मी एका गोष्टीवर अडून बसले : पत्र्याला भोक पाडायचं नाही. टपाला पाडलेलं प्रत्येक भोक कधी ना कधी गळतंच, आणि ते पाणी थेट गादीवर येतं. वर सामानाचा कॅरिअर होता. त्याच्या मागच्या कोपऱ्यात फॅब्रिकेटरकडून जाड पट्टी आणि आखूड उभा पाइप बोल्टने बसवून घेतला. पाइपाच्या बुडाशी बिजागरी आहे. थांबलो की पाइप उभा करून दोन बोल्ट आवळायचे, निघताना डिश आडवी करून रबराच्या तुकड्यावर बांधायची. उभी डिश घेऊन हायवेवर जाणं म्हणजे शिड लावून जाणं! केबल एसीच्या वायरीबरोबर आत घेतली आणि बाहेर तिला खाली एक झोळ दिला. पावसाचं पाणी त्या झोळावरून खाली ठिबकतं, आत येत नाही.

कोपरा निवडताना सोलर पॅनेलवर सावली पडणार नाही हे पाहिलं. आडव्या डिशसकट गाडीची उंची मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवली. अलकापुरीच्या गरनाळ्यातून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२), म्हणून आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं.

विजेची मात्र चिंता नाही. १२ व्होल्टचा लहान टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून ३५-४० वॉट खातात. रोज दोन-तीन तास पाहिलं तरी १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते जाणवत नाही. बॉक्स एमपीईजी-४चा घ्यावा, जुन्या एमपीईजी-२च्या बॉक्सवर कमी चॅनेल दिसतात.

आता जुळवणं. थंडीत कच्छला गेलो तेव्हा हे हाताला बसलं. गाडी आधी सपाट हवी, पाइप उभा ओळंब्यात नसेल तर अंशांच्या खुणांना अर्थ राहत नाही. चाकाखाली लाकडी ठोकळे घालून गवंड्याच्या लेव्हलने पाहते. मग उंचीचा कोन. ब्रॅकेटवर मी नेलपॉलिशने खुणा केल्यात : भुज, बडोदा, कोल्हापूर, सावंतवाडी. नवख्याला वाटतं डिश आकाशाकडे तोंड करून हवी, पण आपली घरगुती डिश 'ऑफसेट' असते. ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, म्हणून ५५ अंशांवर लावलेलीही बरीचशी उभीच दिसते.

दिशा बघायला होकायंत्र घेऊन टपावर चढू नये. लोखंडाजवळ ते काहीही दाखवतं, आणि मोबाइलमधलंही तसंच. गाडीपासून पंधरा-वीस पावलं लांब उभं राहून आग्नेय बघायची, त्या रेषेत एखादं झाड किंवा खांब हेरायचा, मग वर चढून डिश तिकडे वळवायची. पुढे सावकाश, बोटभर-बोटभर. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, भराभर फिरवली तर उपग्रह मागे पडतो. शंभर-दोनशे रुपयांचा सॅट फाइंडर वाजतो, पण तो कुठल्याही उपग्रहाला वाजतो. शेजारीच ९५ अंशांवर दुसऱ्या डीटीएचचं ठाणं आहे. फाइंडर जोरात वाजतोय आणि पडदा कोरा, असं झालं की समजावं शेजाऱ्याचं दार ठोठावलंय. मुलगा आत टीव्हीसमोर बसतो आणि ओरडतो, "आई, क्वालिटी साठ! आता गेली! परत आण!" शेवटी एलएनबी किंचित फिरवून बघायचा, प्रदेश बदलला की त्याचा तिरकेपणाही बदलतो.

खावड्याच्या पुढे मोबाइलची रेंज येत-जात होती. तिथे सपाट जमीन आणि मोकळं आकाश, सात मिनिटांत सह्याद्री लागलं. बाबा बाहेरच्या पांढऱ्या रणाकडे बघायलाही तयार नव्हते, बातम्या संपल्यावर मात्र स्वतःहून उठून दारात आले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोकणात निघालो. आंबोलीत परतीच्या पावसाची जोरदार सर आली आणि चित्राचे चौकोन-चौकोन झाले. असल्या पावसात या लहरी विरतात, डिश हलवून उपयोग नसतो. डिशला हात न लावता थांबलो, वीस मिनिटांत चित्र परतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, लख्ख उन्हात, पुन्हा चित्र गेलं. मुलगा टपावर चढायला निघाला, मी त्याला थांबवलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही मिनिटांचा खेळ असतो.

गावात चुलतकाकांच्या अंगणात गाडी लावली. चहूकडे माड, फणस आणि वर पानांचं छत. उपग्रह इतका उंच असल्याचा एक फायदा असतो : दहा मीटरचं झाड आग्नेयेला चार-पाच मीटर लांब असलं तरी डिश त्याच्या वरून बघते. (इंग्लंडमध्ये त्यांचा उपग्रह जेमतेम २५ अंशांवर दिसतो, तिथे हेच झाड पंधरा मीटर लांब लागतं.) पण इथे माड अगदी अंगावर आलेले. साडेसहा वाजले, बाबांच्या हातांची चुळबुळ सुरू झाली. "घरी चला." त्यांच्याच घराच्या अंगणात.

काका म्हणाले, "बाय, गाडी वर सड्यावर घे. थंय झाड नाय." कातळाचा सडा, सपाट आणि उघडा. ठोकळेही लागले नाहीत. सावंतवाडीच्या खुणेवर कोन लावला, सात वाजायला चार मिनिटं असताना मुलगा आतून ओरडला. काकाही आत येऊन बसले. दोघं भाऊ शेजारी बसून बातम्या बघत होते, एक शब्द न बोलता.

हवामानाचा अंदाज संपल्यावर बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "हो आपलो सडो मां?" त्यांनी काकांना विचारलं. बडोद्यात इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती. मग दोघं गुरं, कोंडवाडा आणि कुणा मास्तरांबद्दल बोलत बसले. त्यातलं मला अर्धंच कळलं. माझ्या मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला.

पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी गाडी सड्यावर न्यायचो. निघायच्या दिवशी काकांनी विचारलं की अशी छत्री त्यांच्या घरावर बसेल का, माड न तोडता. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर उभं राहून मी आग्नेयेला बघितलं. दोन माडांच्या मधून ६१ अंशांवर हातभर आभाळ मोकळं होतं. मुलाला खालून पाना आणायला पाठवलं.