गाईची चार पोटे

आपली गुरे दिवसभर सड्यावर चरतात आणि सांजेला गोठ्यात आली की डोळे अर्धवट मिटून तोंड हलवीत बसतात. पुढ्यात पेंढ्याची काडी नसली तरी तोंड चालूच! हेच ते रवंथ.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. म्हैस नि शेळीचेही तसेच. सर्वांत मोठे ते कोठीपोट, म्हणजे गवताची कणगीच म्हणा ना! मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून जास्त मावते. आपली कोकण कपिला अंगाने लहान, तिचे त्या मानाने कमी. चरताना गाय घास नीट चावत नाही, भराभर गिळते. तो आत भिजतो, मग थोडा थोडा तोंडात परत येतो नि ती तो सावकाश चावते. दिवसाचे सहा ते आठ तास यातच जातात.

खरी गंमत पुढे आहे. गवताचा चिवट भाग गाईला स्वतःला पचवताच येत नाही! कोठीपोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात, ते तो आंबवून देतात. आंबोळीचे पीठ रात्रभर फुगते ना, तसेच. त्यातून वायू होतो, तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. ढेकर अडला की डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते. मग गुरांच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे लागते.

दुसरे जाळीपोट, आतून मधाच्या पोळ्यासारखे. तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात, तिथे पाणी शोषले जाते. चौथे मात्र आपल्या पोटासारखे, पाचकरसाचे. वासरू दूध पिते ते थेट या चौथ्यातच जाते.

आता न चावता गिळण्याचा तोटा पाहा. चाऱ्यातून खिळा गेला तर तो जाळीपोटात अडकतो, आणि त्याच्या पुढेच काळीज असते! प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 साली बंदी आली, तरी लग्नाचा उरलेला भात पिशवीला गाठ मारून उकिरड्यावर टाकलेला मी कितीदा पाहते. गाय पिशवीसकट गिळते. सूक्ष्मजीवांना प्लॅस्टिक कुजवता येत नाही. त्याचा गोळा होऊन बसतो नि चाऱ्याला जागा उरत नाही.

माझी आजी रोज विचारते, "रवथ करतेय ना गो गाय? मग बरी हाय." गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या एका गाईने रवंथ करणे सोडले. डॉक्टरांनी डावी कूस चिरून पिशव्या आणि सुतळीचा घमेलेभर गोळा काढला. गाय वाचली. गोळ्यातल्या एका पिशवीची गाठ अजून तशीच होती.