गांजाचे झाड आणि राज्यघटनेची सातवी अनुसूची

शहादे तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण. दक्षिणेस तापीचे काळ्या जमिनीचे खोरे आणि उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, यांच्या मधल्या पट्ट्यातील ऊस या कारखान्यात येतो. उसापासून साखर होते, साखर काढून घेतल्यावर मळी उरते आणि मळी आंबवून मद्यार्क करता येतो. उलट सातपुड्याच्या उतारांवर, विशेषतः पूर्वेकडील शिरपूर तालुक्यात, कापूस, मका किंवा तूर यांच्या आड चोरून लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नेल्याच्या घटना वारंवार घडत आल्या आहेत. एकाच परिसरातील या दोन वनस्पतींपासून मादक पदार्थ निर्माण होतात. परंतु त्यांपैकी एकीविषयी मुंबईतील विधिमंडळाचा शब्द अखेरचा, तर दुसरीविषयी दिल्लीतील संसदेचा. असे का व्हावे, हा राज्यशास्त्राच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा प्रश्न आहे.

या भेदाचा उगम शोधण्यासाठी १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्याकडे जावे लागते. त्या कायद्याच्या प्रांतिक सूचीतील ३१ व्या नोंदीत मादक पेये आणि मादक द्रव्ये ही दोन्ही एकत्र होती. अफू व घातक औषधे यांच्यापुरते काही अपवाद सोडले, तर दारू आणि गांजा हे दोन्ही विषय प्रांतांकडेच होते. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने ही जोडी फोडली. राज्यसूचीच्या ८ व्या नोंदीत केवळ मादक पेये राहिली. औषधे आणि विषे समवर्ती सूचीच्या १९ व्या नोंदीत गेली. अफूची लागवड व निर्मिती संघसूचीच्या ५९ व्या नोंदीत आली. गंमत अशी की, राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीत मद्याबरोबरच 'अफू, भांगेचे झाड व इतर मादक द्रव्ये' यांवरील उत्पादनशुल्क बसविण्याचा अधिकार मात्र राज्यांकडेच ठेवला गेला. म्हणजे गांजावर कर बसविण्याचा अधिकार राज्याचा, आणि गांजा असावा की नसावा हे ठरविण्याच्या बाबतीत वरचष्मा संसदेचा. समवर्ती सूचीतील विषयावर संसदेचा व राज्याचा कायदा परस्परविरोधी ठरल्यास २५४ व्या अनुच्छेदानुसार सामान्यतः संसदेचा कायदा टिकतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

तथापि पहिली पस्तीस वर्षे या अधिकाराचा संसदेने पूर्ण वापर केला नाही. अनेक राज्यांत परवान्याची गांजाची दुकाने चालू होती. मध्य प्रदेशातील खांडवा तर ब्रिटिश अमदानीपासून गांजाच्या नियंत्रित लागवडीसाठी प्रसिद्ध होते. मुंबई राज्याने वेगळी वाट धरली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूप्रमाणेच गांजा, भांग इत्यादींवरही निर्बंध होते. या कायद्यास आव्हान देणारा बलसारा खटला १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील काही बंधने न्यायालयाने रद्द केली, परंतु कायद्याचा गाभा शाबूत ठेवला. गांजाच्या बाबतीत, आपल्याकडे प्रथम कडकपणा आणला तो दिल्लीने नव्हे, तर मुंबईसारख्या राज्याने, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

चित्र पालटले ते आंतरराष्ट्रीय करारामुळे. मादक द्रव्यांसंबंधीचा १९६१ चा एकत्रित करार १३ डिसेंबर १९६४ रोजी अंमलात आला. धार्मिक व सामाजिक कारणांसाठी होणारा भांग-गांजाचा वापर एकदम थांबविणे अशक्य आहे, अशी भारताची भूमिका होती. म्हणून अशा वापरासाठी पंचवीस वर्षांची मुदत करारात ठेवण्यात आली. ती डिसेंबर १९८९ मध्ये संपत होती. शिवाय झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, ही कराराच्या व्याख्येबाहेर राहिली. आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी लागणारा कोणताही कायदा २५३ व्या अनुच्छेदानुसार संसदेस करता येतो, मग विषय राज्यसूचीतील का असेना.

या पार्श्वभूमीवर १९८५ चा अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्याच्या रचनेत केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारांची गुंतागुंत फार बारकाईने दिसते. आठव्या कलमाने वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीज भांगेच्या झाडाची लागवड निषिद्ध ठरविली. परंतु गांजापुरती ही बंदी केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवसापासूनच लागू व्हावी, असा परंतुक जोडला. करारातील मुदतीचा तो पडसाद होय. दहाव्या कलमाने लागवडीस परवानगी देण्याचा व तिचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे सोपविला, मात्र चरस त्यातून वगळला. चौदाव्या कलमाने केवळ धागा किंवा बी मिळविण्यासाठी, तसेच उद्यानविद्येसाठी, लागवडीची मुभा देता येते. परवाना देणारा हात राज्याचा, पण तो किती लांब पोहोचावा याची मर्यादा संसदेने आखलेली, असे हे एकंदर स्वरूप आहे.

याहून महत्त्वाचे कलम ८१ वे. भांगेच्या झाडाची लागवड किंवा मादक द्रव्यांचे सेवन व व्यापार यांवर राज्याच्या कायद्याने अधिक कडक निर्बंध वा अधिक शिक्षा ठेवली असेल, तर ती अबाधित राहते. संसदेने खालची पातळी निश्चित केली. राज्यास वर चढता येते, खाली उतरता येत नाही. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात भांगेवर परवान्याचे बंधन आहे ते याच तत्त्वात बसते, कारण भांगेच्या पानांना केंद्रीय कायद्याने स्पर्शच केलेला नाही.

अमेरिकेशी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. तेथे १९७० च्या संघीय कायद्याने गांजास सर्वांत कडक वर्गात घातले. तरीही कॅलिफोर्नियाने १९९६ साली औषधी वापरास, आणि कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली सर्वसामान्य वापरास मुभा दिली. घरापुरती लागवडदेखील संघीय कायद्याखाली गुन्हाच ठरू शकते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गोन्झालेझ विरुद्ध रेच या खटल्यात सांगितले. पण राज्यांच्या पोलिसांना संघीय कायदा राबविण्याची सक्ती वॉशिंग्टनचे सरकार करू शकत नाही. म्हणून एकाच दुकानाचा व्यवहार राज्याच्या लेखी वैध आणि संघाच्या लेखी गुन्हा, अशी विचित्र अवस्था निर्माण झाली. भारतात तशी अवस्था येणे कठीण, कारण आपल्याकडे केंद्राचा कायदा राबविणारे पोलीस राज्याचेच असतात. शिरपूरच्या डोंगरात झाडे उपटणारा शिपाई महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत असतो, आणि तो संसदेचा कायदा अंमलात आणतो.

चौदाव्या कलमाचा उपयोग पहिल्यांदा उत्तराखंडाने केला. २०१८ साली त्या राज्याने धाग्यासाठी लागवडीस परवाना दिला, आणि नशा आणणाऱ्या द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे अशी अट घातली. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेनेही सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीस अनुकूल ठराव केला. येथे मराठी वाचकाने 'भांगेचा धागा' आणि आपला ताग किंवा अंबाडी यांत गल्लत करू नये. ती झाडे निराळ्या कुळांतील असून त्यांच्या लागवडीस या कायद्याची काही बाधा नाही.

आता मळीकडे वळू. १९८९ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने, पिण्यास अयोग्य असा औद्योगिक मद्यार्क 'मादक पेय' नव्हे आणि म्हणून तो राज्यांच्या कक्षेबाहेर आहे, असे ठरविले होते. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ललता प्रसाद वैश्य खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हा निर्णय फिरविला. कच्च्या मालापासून सेवनापर्यंतच्या साखळीचे नियमन ८ व्या नोंदीत येते, असा या निकालाचा आशय आहे. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी भिन्न मत दिले. १९३५ साली एकाच नोंदीत असलेल्या दारू आणि गांजा यांच्यातील अंतर या निकालाने आणखी वाढले. मळीविषयीचा राज्याचा आवाज बळकट झाला. झाडाविषयीचा होता तितकाच राहिला.

या अंतराचा भार कोणावर पडतो, हे पाहिल्याशिवाय विषय पुरा होत नाही. भांगेचे झाड लावणाऱ्यास विसाव्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा वीस किलोहून अधिक ठरला, तर शिक्षा किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, आणि जामीनही दुर्मिळ. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे केवळ फुलोऱ्याचे व फळधारणेचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी असलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. परंतु शेतातून मुळासकट उपटलेली, मातीने माखलेली ओली झाडे एकत्रच तोलली जातात. वजन कशाचे धरावयाचे, हा वाद त्यामुळे खटल्यांत पुन्हापुन्हा उपस्थित होतो, आणि एखाद्या डोंगराळ पाड्यावरील शेतकऱ्याची दहा-वीस वर्षे त्या काट्यावर अवलंबून राहतात.

याच अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने जमीनधारकावर आणि ४७ व्या कलमाने पंच, सरपंच व गावकामगार यांच्यावर अशा लागवडीची तात्काळ वर्दी देण्याचे कर्तव्य लादले आहे. ते टाळणारा शिक्षेस पात्र होतो. ज्या विधिमंडळाने ग्रामपंचायतीचा कायदा केला, त्याला सरपंचाचे हे कर्तव्य सौम्य करता येत नाही.