बाद पद्धतीच्या पलीकडे

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम आला की शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही तालुक्यांत एकच चित्र दिसते. गावोगावचे संघ तालुक्याच्या मैदानावर जमतात, सकाळी सामने सुरू होतात आणि दुपार कलण्यापूर्वी निम्मे संघ परतीच्या वाटेला लागलेले असतात. सांघिक खेळांच्या या स्पर्धा बाद पद्धतीने होतात. जो हरला त्याचे वर्ष संपले. वर्षभर घाम गाळणाऱ्या मुलाच्या वाट्याला कित्येकदा अवघा एक सामना येतो. ज्याला खेळण्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच सर्वांत आधी घरी धाडणारी ही रीत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, तिच्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

युरोपातील व्यावसायिक बास्केटबॉलची घडी याच्या नेमकी उलट आहे. लीग या शब्दाला आपल्याकडे ‘साखळी’ हा मोठा अर्थपूर्ण प्रतिशब्द रूढ आहे. स्पेनमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या एसीबी या अव्वल लीगचे उदाहरण घ्यावे. तिच्यात १८ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा स्वतःच्या गावी आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. म्हणजे पहिल्या फेरीतच ३४ सामने, आणि त्यांपैकी १७ आपल्या माणसांसमोर. हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहतो. हंगामाअखेर तळाचे दोन संघ खालच्या श्रेणीत उतरतात आणि खालचे दोन वर चढतात. गुणवत्तेला ही शिडी सदैव खुली असते. बाद पद्धती विजेता निवडते; साखळी पद्धती खेळाडू घडवते.

हे सारे बार्सिलोना-माद्रिदसारख्या महानगरांचे कौतुक आहे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी फ्रान्सच्या नैर्ऋत्येस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ऑर्तेझ या गावाकडे पाहावे. वस्ती सुमारे दहा हजार. म्हणजे शिरूर वा दौंड शहराहून कितीतरी लहान. तेथील एलाँ बेआर्ने या क्लबचा संघ ‘ला मुतेत’ नावाच्या जागी खेळे. ही जागा म्हणजे गावची छप्पर घातलेली बाजारपेठ! जेथे शेतकरी आपला माल विकत, तेथेच सामन्याच्या रात्री अवघा गाव लोटे. या संघाने १९८४ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारला नमवून युरोपातील कोराच चषक जिंकला आणि १९८६ व १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले. लिथुएनियाची गोष्टही अशीच. सुमारे २८ लाख लोकसंख्येच्या या देशाने १९९२, १९९६ आणि २००० या तीन ऑलिंपिकांत ओळीने कांस्यपदके मिळवली. १९९३ साली स्थापन झालेल्या त्याच्या राष्ट्रीय लीगमध्ये पास्वालिस या काही हजार वस्तीच्या गावचा संघ अनेक हंगाम खेळला. त्या संघाचे नाव ‘दुधाचे तारे’ अशा अर्थाचे, कारण त्याचा आश्रयदाता त्याच नावाचा दुग्धव्यवसाय होता. दूध आणि साखर यांवर ज्यांचे अर्थकारण उभे राहिले, त्या भीमा-घोडच्या काठच्या वाचकांना या नावाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे खेळ वाढला तो गावाच्या नव्हे, खात्याच्या आश्रयाने. दौंड हे तर त्याचे जिवंत उदाहरण. १८७८ मध्ये मनमाडचा मार्ग जोडला गेल्यापासून हे जंक्शन रेल्वेचे गाव. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट येथे आहेत. रेल्वे आणि पोलीस या दोन्ही खात्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, ही त्यांची सेवा लहान नव्हे. भारताच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा दबदबा आहे तो त्यामुळेच. परंतु खात्याचा खेळाडू खात्याचा असतो. त्याची बदली होते, त्याचा सामना दूरच्या शहरात होतो आणि त्याच्या यशापयशाशी गावातल्या मुलांचे नाते जुळत नाही. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण आणि परीक्षेतील वाढीव गुण यांमुळे खेळाला प्रतिष्ठा आली हे खरे. पण त्याबरोबरच प्रमाणपत्र हाती पडले की बूट खुंटीला टांगायचे, ही वृत्तीही बळावली.

अलीकडे दुसरे टोक आले. २०१४ पासून प्रो कबड्डीने देशी खेळाला वैभव मिळवून दिले आणि २०२४ मध्ये पुणेरी पलटण अजिंक्य ठरली, याचा आनंद कोणास होणार नाही? बास्केटबॉलमध्येही २०१५ साली सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ होता; पण २०१७ नंतर ती लीगच थांबली. या स्पर्धांत संघ विकत घेतले जातात, खालून वर चढून येत नाहीत. कळस आधी आणि पाया मागाहून, असा हा प्रकार आहे. पाया नसलेला कळस पडला तर गावाला त्याचा आवाजही ऐकू येत नाही.

युरोपात सर्व आलबेल आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. ऑर्तेझचा संघ १९८९ मध्ये मोठ्या पो शहरात गेला. यशाचा पसारा लहान गावाला पेलवला नाही. फ्रान्समधीलच लिमोझ हा १९९३ चा युरोपीय विजेता क्लब. २००० साली त्याने एकाच हंगामात तीन अजिंक्यपदे जिंकली आणि त्याच वर्षी आर्थिक दुरवस्थेमुळे त्याला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. एकाच थैलीवर विसंबणे किती धोक्याचे, हे आपल्याला परदेशाकडून शिकण्याचीही गरज नाही. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या दोन्ही सहकारी साखर कारखान्यांना कोणत्या अडचणींतून जावे लागले, हे येथील सभासद जाणतात.

मग करावे काय? शिरूर-दौंडला व्यावसायिक संघ हवा, अशी मागणी करणे हास्यास्पद ठरेल. हवी आहे ती साखळी. शिरूर, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे हे भीमेच्या अलीकडचे चार आणि दौंड, यवत, केडगाव, पाटस हे पलीकडचे चार, असे आठ गावांचे संघ घ्यावेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे. एकूण ५६ सामने होतील. प्रत्येक गावाला १४ सामने, त्यांपैकी सात स्वतःच्या अंगणात. मुलींची साखळीही याच धर्तीवर आणि याच दिवशी व्हावी. बास्केटबॉलला २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद एवढीच जागा लागते. एखाद्या शाळेच्या आवारातही ती निघू शकते. कबड्डी किंवा खो-खो अधिक जवळचा वाटत असेल तर तोही खेळावा. मुद्दा चेंडूचा नाही, पद्धतीचा आहे.

पैशाचा प्रश्न निघेल. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या कामांच्या यादीत स्पष्टपणे नमूद आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती याच दोन तालुक्यांत आहेत. एका कंपनीने एक संघ पोसण्यापेक्षा अनेकांनी मिळून साखळी चालवावी, म्हणजे एकाने हात आखडता घेतला तरी खेळ बंद पडणार नाही. तालुका क्रीडा संकुलाची योजना दोन दशकांहून जुनी आहे. पण सामन्यांची तारीखवार पत्रिका नसेल तर संकुल म्हणजे नुसत्या भिंती. ती पत्रिका छापून गावच्या चावडीवर लावण्यास फारसा खर्च येत नाही.

जिल्हा परिषद, शिक्षणसंस्था आणि क्रीडा खाते यांनी एक हंगाम तरी हा प्रयोग करून पाहावा. त्यातून उद्याच राष्ट्रीय खेळाडू निघतील असे आश्वासन कोणी देऊ नये. मात्र पहिल्या सामन्यात हरलेल्या न्हावऱ्याच्या मुलाला पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर उतरता येईल, आणि तो कसा खेळतो हे पाहण्यास त्याचे गाव तेथे हजर असेल. आजच्या व्यवस्थेत या दोन्ही गोष्टी त्याला मिळत नाहीत.