तंबोऱ्याची खुशाली

गेल्या ज्येष्ठात आमच्या पत्त्यावर वडिलांच्या नावाचे एक कार्ड आले. वडिलांना जाऊन सात वर्षे झाली. त्यांच्या नावाचे टपाल हळूहळू आटत गेले होते, आणि नवा पोस्टमन त्या नावाला सरावलेलाही नव्हता. दारातूनच त्याने विचारले, "हे तुमच्याकडचेच ना?" कार्डावर मिरजेचा शिक्का होता. मजकूर चारपाच ओळींचा :

"बुवांस सलाम. तंबोरा कसा आहे? पावसाळ्यात भोपळा ओलसर भिंतीला टेकवू नये. प्रवासाला नेला असल्यास घोडी जागेवर आहे ना, ते पाहावे. जवारी उतरली असेल तर कळवावे. दिवाळीनंतर बडोद्याकडे येणे आहे."

एवढेच. नव्या मालाचा दर नाही, सणानिमित्त सूट नाही, 'एकवार भेट द्यावी' अशी विनंतीही नाही. पन्नास वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूची खुशाली विचारणारे ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यावर उभा राहिलो.

हे कार्ड कोणाकडून आले हे सांगायचे, तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावे लागेल. गेल्या दीडएकशे वर्षांत गाणाऱ्यांच्या घरी जे तंबोरे वाजले, त्यांतले कितीतरी या गल्लीतून निघाले. तेथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या हुन्नरी माणसांनी आपली हत्यारे लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळवली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमेकाठचे कडू भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यांचा हात, यांतून मिरजेचा तंबोरा घडला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केले. 1937 साली ते गेले तेव्हा तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना विसावा मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे होते. आमचे वडील राजवाड्याच्या सेवेतले गवयी. जमेल त्या वर्षी ते त्या गाण्याला जात, आणि त्या फेऱ्यांपैकीच एकीत, माझ्या जन्माआधी, त्यांनी आपला तंबोरा घेतला. ज्यांच्याकडून घेतला त्यांना आम्ही चाचा म्हणत असू.

चाचा दर दोनतीन वर्षांनी बडोद्यास येत. खांद्याला पिशवी, पिशवीत कानशी, तारांची भेंडोळी, रेशमाचा दोरा आणि कापडात गुंडाळलेली एक लांबट वही. वडील हसून म्हणत, "हा आपल्याला भेटायला येत नाही हो, तंबोऱ्याला भेटायला येतो." ते अक्षरशः खरे होते. चहा नंतर. आधी खोळ काढायची, तंबोरा मांडीवर घ्यायचा, तबलीवर बोटाने टिचकी मारायची, मग चारही तारा छेडून डोळे मिटायचे.

वाचकांपैकी ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. तंबोऱ्याची तार घोडीच्या पाठीवर नुसती टेकलेली नसते. त्या किंचित गोलसर पाठीवरून ती हलकेच घासत कंप पावते, आणि त्यातूनच तो गुंजणारा, भरलेला नाद निघतो. हीच जवारी. पण रोजच्या घासण्याने घोडीवर तारांचे चर पडतात आणि नाद मिटतो. मग जाणत्या हाताने ती पाठ पुन्हा घासून द्यावी लागते. म्हणजे तंबोरा विकला की व्यवहार संपला, असे या धंद्यात होतच नाही. चांगला तंबोरा दोन पिढ्या टिकतो. पण अधूनमधून त्याला त्याच्या घडवणाऱ्याची गरज पडते.

चाचांच्या वहीत प्रत्येक तंबोऱ्याचे एक पान होते. लहानपणी मी ते चोरून वाचले आहे. तंबोरा कधी दिला, गाणाऱ्याची पट्टी कोणती, दांडी किती लांब, भोपळा कोणत्या खेपेचा, जवारी कधी लावली. शेवटी दोन शब्द घरच्यांविषयी. आमच्या पानावर लिहिले होते, "मुलगी गाते. आवाज उंच."

त्या दोन शब्दांतून पुढचा तंबोरा कसा विकला गेला, ते मी डोळ्यांनी पाहिले. ताई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती वडिलांच्याच तंबोऱ्यावर गाई; त्यासाठी तारा वर ताणाव्या लागत, खुंट्या सरकत. चाचांनी जवारी लावून दिली, पैसे घेतले, चपला पायांत घालताना एवढेच म्हणाले, "बुवा, हा तंबोरा तुमच्या आवाजाचा आहे. ताईंसाठी ताणत राहिलात तर दांडी ओढ घेईल." पुढे एक अक्षर नाही. सहा महिन्यांनी वडिलांनी आपणहून पत्र टाकले आणि जनानी तंबोरा मागवला. मग वडिलांच्या एका शिष्याने मागवला, मग त्या शिष्याच्या शिष्येने. एका तंबोऱ्यापासून तीस वर्षांत आमच्या परिवारात सात तंबोरे आले, आणि चाचांनी एकदाही "घ्या" म्हटले नव्हते.

वडील यावर एक मार्मिक गोष्ट सांगत. संस्थान होते तोवर गवई-बजवय्यांचे सारे कलावंत खात्याकडे असे. वाद्य घडवणाऱ्याला एका दरबाराची मर्जी राखली की पुरे. 1949 साली बडोदे संस्थान विलीन झाले आणि गाणे दरबारातून घराघरांत गेले. गिऱ्हाइके वाढली, पण विखुरली. त्या विखुरलेल्या गिऱ्हाइकांना एकत्र बांधून ठेवणारा दरबार म्हणजे चाचांची ती वही!

आता माझी चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी गाण्याचा वर्ग काढला. चार तंबोरे हवे होते. मिरजेला कळवायचे, महिनेच्या महिने वाट पाहायची, रेल्वेने आणवायचे, एवढा धीर मला नव्हता. शहरातील एका दुकानातून चारही एका दिवसात घेतले. दुकान मोठे, माणसे गोड, पावती छापील. दोन वर्षांत चारही तंबोऱ्यांचा नाद बसला. दुकानात गेलो, तर उत्तर मिळाले की दुरुस्तीचे काम तेथे होत नाही. जुने देऊन नवे घ्यायचे असतील तर भाव करता येईल. त्यानंतर आजपर्यंत प्रत्येक सणाला त्या दुकानाच्या शुभेच्छा माझ्या मोबाइलवर नेमाने येतात. पणत्या येतात, रांगोळ्या येतात, नव्या मालाची चित्रे येतात. त्या चार तंबोऱ्यांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारलेले नाही.

त्याच सुमारास चाचा आले. वय झाले होते, बरोबर नातू होता. वडिलांचा तंबोरा पाहून झाल्यावर त्यांची नजर कोपऱ्यातल्या चार खोळींकडे गेली. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी एक तंबोरा काढला, आत लावलेली दुकानाची चिठ्ठी वाचली, मग भोपळ्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि नातवाला म्हणाले, "ओळखलास का हात? आपल्या गल्लीतलाच." ज्याने तो घडवला त्याला तंबोरा कोणत्या गावी गेला हे ठाऊक नव्हते, आणि मला तो कोणी घडवला हे ठाऊक नव्हते. मध्ये फक्त एक चिठ्ठी होती. मग त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. गल्लीत कारागिराच्या हाती काय पडले असेल तेही त्यांनी सांगितले. चार तंबोऱ्यांवर मिळून जो फरक पडला, त्यात पाचवा तंबोरा सहज आला असता. "आधी मला विचारायचे होते," असे चाचा म्हणाले नाहीत. दुपारभर बसून त्यांनी चारही घोड्या घासल्या आणि नेहमीची जवारीची मजुरी तेवढी घेतली. मला मात्र त्या दुपारी चहा गोड लागला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. जुन्या गिऱ्हाइकाकडे पुन्हा जाणे आणि त्याच्या मागे लागणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुकान मला पुढच्या वस्तूविषयी सांगते. चाचा मागच्या वस्तूविषयी विचारीत. दुकानाच्या शुभेच्छा हजार जणांना एकच असतात. चाचांचे कार्ड त्या एका घरापुरते असे. ते येत तेही वेळ पाहून. पावसाच्या आधी कार्ड, दिवाळीनंतर फेरी, कारण दमट हवेत वाद्य बिघडते आणि थंडीत गाण्याचे कार्यक्रम सुरू होतात. त्यात धंदा नव्हता असे मी म्हणत नाही. चाचा साधू नव्हते; त्यांना चुली चालवायच्या होत्या. पण त्यांचा धंदा आणि त्यांची काळजी ही एकाच तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांसारखी होती. एक कोणती आणि दुसरी कोणती, हे ऐकणाऱ्याला वेगळे काढता येऊ नये.

आज हे बोलायला एक तातडीचे कारण आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखण्यासाठी ते आवश्यकच होते. पण मानांकन नावाची चोरी थांबवील. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जवारी लावणार नाही. माझ्या वर्गातली मुले मोबाइलमधला तंबोरा लावून रियाज करतात. मी रागावतो, तेव्हा ती म्हणतात, "सर, घरी तंबोरा आहे, पण वाजत नाही." हे खरे दुखणे. कारागिराचे गिऱ्हाईक शेजारच्या कारागिराकडे जात नाही, ते यंत्राकडे जाते, आणि जाते ते तंबोरा नको म्हणून नव्हे, तर जवारी उतरल्यावर विचारायला कोणी आले नाही म्हणून. कितीतरी घरांतल्या माळ्यांवर असे मुके तंबोरे पडून आहेत. त्या प्रत्येकामागे एक न लिहिलेले कार्ड आहे.

आणि थोडा दोष आपलाही आहे. चाचांच्या कितीतरी कार्डांना आम्ही उत्तर दिले नाही. "येतीलच दिवाळीनंतर," म्हणून सोडून दिले. विचारणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर तो किती वर्षे विचारील?

गेल्या ज्येष्ठातल्या कार्डाचे अक्षर चाचांचे नव्हते. ते नातवाचे होते. आजोबा गेले, वही त्याच्याकडे आली, आणि पहिल्या पानापासून त्याने प्रत्येकाला कार्ड टाकायला घेतले. कोण आहे, कोण नाही, याची त्याला कल्पना नव्हती. त्याने तंबोऱ्याची खुशाली विचारली होती, पण मला वाटले, वडिलांचीच विचारली.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिले : "तंबोरा उत्तम आहे. खर्जाची तार बदलायला हवी. बुवा नाहीत, वहीत त्यांच्या नावापुढे माझे नाव घालावे. येताना चार घोड्या घासण्याच्या तयारीने यावे. वर्गासाठी एक जनानी तंबोरा हवा आहे, घाई नाही. आणि आमच्या पानावर एवढे लिहून ठेवावे : मुलगा शिकवतो."

दिवाळीनंतर तो आला. खोळ काढून तंबोरा मांडीवर घेतला, तबलीवर टिचकी मारली आणि डोळे मिटले. चहा त्याने नंतर घेतला.