दाणा खायला शिकणारा समुद्री मासा

समुद्रातून पकडून आणलेला मासा मत्स्यालयात उपासमारीने मरतो, तेव्हा बहुतेक वेळा खाद्य त्याच्या तोंडासमोरच असते. टाकीत टाकलेला दाणा आधी पाण्यावर तरंगतो, मग फुगतो आणि तळाशी जाऊन बसतो. मासा त्याच्या शेजारून निघून जातो, किंवा दाणा तोंडात घेऊन लगेच बाहेर फेकतो. पाळणाऱ्याला हा माशाचा हट्ट वाटतो. प्रत्यक्षात ती वस्तू खाण्याची आहे, हेच माशाला कळलेले नसते. गप्पी किंवा गोल्डफिश पिढ्यानपिढ्या टाकीतच जन्मत आल्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न येत नाही. शोभेचे समुद्री मासे मात्र अजूनही बहुतांशी प्रवाळखडकांवरून पकडलेले असतात आणि त्यांनी जन्मात कधी दाणा पाहिलेला नसतो.

मासा अन्न ओळखतो ते एका खुणेवरून नव्हे. लांबून त्याला हालचाल दिसते. जवळ आल्यावर आकार आणि रंग दिसतो. पाण्यात विरघळलेले पदार्थ नाकपुड्यांपर्यंत पोहोचतात. कोळंबी आणि शिंपल्यांच्या मांसातली ग्लायसिन, अ‍ॅलनिन यांसारखी अमिनो आम्ले आणि बीटेन हा पदार्थ कित्येक माशांची भूक चाळवतात. शेवटचा निकाल तोंडात लागतो. ओठांवरच्या आणि तोंडातल्या रुचिकलिका, आणि घासाचा मऊपणा किंवा कडकपणा, यांवर घास गिळायचा की थुंकायचा हे ठरते. कारखान्यातला दाणा या सगळ्या परीक्षांत एकदम नापास होतो: तो हलत नाही, गोल आणि तपकिरी असतो, त्याला वेगळाच वास येतो आणि दाताखाली तो कडक लागतो. म्हणून सवय लावण्याचे सारे तंत्र एका नियमावर उभे आहे. एका वेळी एकच खूण बदलायची, बाकीच्या माशाच्या ओळखीच्या ठेवायच्या.

सगळे मासे सारखे चोखंदळ नसतात. खाडीत आणि खडकांत जे मिळेल ते खाणाऱ्या जाती दोन-चार दिवसांत दाण्यावर येतात. अडचण येते ती एकाच प्रकारच्या अन्नासाठी शरीर घडलेल्या माशांची. कॉपरबँड बटरफ्लायचे लांब, निमुळते तोंड खडकाच्या फटीतले किडे आणि शिंपल्यातले मांस उपसण्यासाठी असते, त्यामुळे उघड्या पाण्यात पडणारा घास त्याला आपला वाटत नाही. मँडरिन मासा दिवसभर दगडावरून सरकत कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी जीव एकेक करून टिपतो. दोन वेळा भरपूर घातलेल्या खाद्याने त्याचे भागत नाही. लायनफिश जिवंत, पोहणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतो. समुद्रघोड्याला तर जठरच नसते, त्यामुळे अन्न पोटात साठवून ठेवणे त्याला जमत नाही. भारतात समुद्रघोड्याला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून तो घरच्या टाकीत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काही बटरफ्लाय मासे जिवंत प्रवाळावरच जगतात आणि प्रवाळालाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. अशा माशाला दाण्यावर आणण्याची खटपट क्वचितच यशस्वी होते. त्याला समुद्रातच राहू द्यावे, हेच योग्य.

प्रशिक्षणाच्या आधी माशाला स्थिरावू द्यावे लागते. मुंबईच्या कुर्ला बाजारातून डहाणू लोकलने पालघर किंवा बोईसरला येणारा मासा काही तास प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतो. पिशवीतले पाणी घाण होऊ नये म्हणून त्याला आधीच उपाशी ठेवलेले असते, आणि पिशवीत कार्बन डायऑक्साइड व अमोनिया साचत जातात. या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि भूक मरते. त्यामुळे पहिला दिवस खाद्य घालूच नये. दिवा मंद ठेवावा, लपायला दगड किंवा पाइपचा तुकडा द्यावा, दांडगट मासे दूर ठेवावेत. टाकी वेगळी असली तर उत्तम, कारण खादाड शेजाऱ्यांच्या घोळक्यात बुजरा मासा खाद्याकडे फिरकतही नाही. डोक्यामागचा मांसल भाग खपाटीला गेला असेल किंवा विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी पडत असेल, तर दुखणे भुकेच्या पलीकडचे आहे. बहुधा पोटात परजीवी असतात, आणि आधी उपचार हवेत.

पहिला घास जिवंत असावा. जगभर त्यासाठी आर्टेमिया वापरतात. मिठागरांच्या अतिखारट पाण्यात राहणारा हा चिमुकला कवचधारी जीव मुंबई परिसरातल्या मिठागरांतही आढळला आहे. त्याची सुकी अंडी डबाबंद मिळतात. समुद्राइतक्या खारट, हवा सोडलेल्या पाण्यात, २८ अंशांच्या आसपास, ती २४ ते ३६ तासांत फुटतात. निघणारी पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. मीठ इतके तीव्र असते की त्या पाण्यात मासे राहत नाहीत, आणि म्हणून माशांचे रोग आर्टेमियाबरोबर टाकीत शिरण्याचा धोका कमी असतो. त्यात एक उणीव आहे. समुद्री माशांना लागणारे डीएचए हे मेदाम्ल आर्टेमियात जवळजवळ नसते. पिल्ले काही तासांची होऊन खाऊ लागली की त्यांना मेदाम्लयुक्त द्रव पाजून मगच ती माशाला घालतात. हे न करता कित्येक आठवडे नुसत्या आर्टेमियावर ठेवलेला मासा खातो, फिरतो, आणि तरीही खंगत जातो.

पुढच्या पायरीसाठी पालघरच्या किनाऱ्याकडे स्वतःची उत्तम सामग्री आहे, ती म्हणजे जवळा. सातपाटी, मुरबे, नांदगाव, दांडी, तारापूर, चिंचणी या पट्ट्यात भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून डोल जाळे लावतात. बोंबील आणि करंदीसोबत त्यात जवळ्याचे ढीग येतात. हा दोन-तीन सेंटिमीटरांचा, पारदर्शक, काळ्याभोर डोळ्यांचा जीव कोळंबीचा जवळचा नातेवाईक आहे. बहुसंख्य मांसाहारी समुद्री माशांच्या दृष्टीने त्याचा आकार, वास आणि पोत हे तिन्ही खाण्याचेच असतात. कवचातल्या अस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे माशाचे तांबडे-नारिंगी रंगही टिकतात. परदेशी पाळणारे गोठवलेले मायसिड झिंगे महागात विकत घेतात. इथे त्याच कामाचे खाद्य टोपलीत मिळते, आणि स्थानिक पाळणाऱ्यांनी त्याचा जितका उपयोग करायला हवा तितका अजून झालेला नाही.

जवळा घेताना तो ताजा आणि काचेसारखा असावा. मेल्यावर तो लवकरच पांढुरका-गुलाबी होतो आणि अमोनियाचा उग्र वास येऊ लागतो. तसा माल टाकीच्या कामाचा नाही. गोड्या पाण्याखाली झटपट धुवून, चाळणीत निथळून, प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थर पसरून तो गोठवावा. थर पातळ असला की रोज लागेल तेवढाच तुकडा बोटांनी मोडता येतो. वापरताना तुकडा वाटीभर टाकीच्या पाण्यात विरघळू द्यावा आणि ते दुधट पाणी गाळून वेगळे काढावे, टाकीत ओतू नये, नाहीतर त्यातली प्रथिने टाकीत कुजतात. सुकवलेला जवळा स्वस्त पडतो, पण उन्हात त्याची जीवनसत्त्वे घटतात, कधी वाळूही येते आणि तो कडक होतो. भिजवून कधीमधी घालायला हरकत नाही, मुख्य खाद्य म्हणून नको. जवळा कुठल्या पाण्यातला आहे हेही पाहावे लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचे प्रकरण मच्छीमार समाजाच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आहे. सांडपाणी सोडले जाते त्या बाजूच्या खाडीतला जवळा किंवा त्या किनाऱ्याचे पाणी टाकीसाठी वापरू नये.

मेलेला जवळा माशाला जिवंत भासवणे हे यापुढचे काम. पंपाच्या प्रवाहात सोडलेला जवळा आपोआप पोहल्यासारखा दिसतो. लायनफिशसाठी पारदर्शक काडीच्या टोकाला तो अडकवून माशासमोरून झटका देत न्यावा लागतो, कारण थांबलेल्या घासाकडे लायनफिश लक्ष देत नाही. कॉपरबँडसाठी उलट युक्ती लागते. तिसरी, म्हणजे शिंपला, अर्धवट उघडून दगडाच्या फटीत खोचून ठेवली, की मासा आधी लांबून घिरट्या घालतो, एका डोळ्याने शिंपल्याची कड न्याहाळतो आणि मग निमुळते तोंड आत घालून मांसाचा एक धागा ओढून काढतो. काही दिवसांनी रिकाम्या शिंपल्यात वाटलेल्या तिसरीचा आणि जवळ्याचा लगदा दाबून बसवतात. शिंपला तोच, फट तीच, फक्त आतला घास वेगळा. नंतर त्याच लगद्यात दाण्याची पूड मिसळायची आणि चायना ग्रासने तो घट्ट करायचा. पुडीचे प्रमाण सावकाश वाढवत नेले की एके दिवशी मासा जवळजवळ निव्वळ दाण्याचाच लगदा उपसू लागतो.

खुल्या पाण्यात खाणाऱ्या माशांसाठी काम सोपे आहे. गाळलेल्या जवळ्याच्या पाण्यात लहान दाणे दहा-पंधरा मिनिटे भिजवले की त्यांना ओळखीचा वास लागतो आणि कडकपणा जातो. ते जवळ्याबरोबरच, थोडे थोडे करून सोडावेत. जवळ्यावर झेपावण्याच्या घाईत मासा एखादा दाणाही तोंडात घेतो. पहिले काही दिवस तो थुंकतोच, पण थुंकण्यासाठी का होईना त्याने दाणा तोंडात घेणे ही प्रगती आहे. सोबत आधीपासून दाणे खाणारा शांत स्वभावाचा मासा असला तर शिकणे लवकर होते, कारण कित्येक जातींचे मासे दुसऱ्याला खाताना पाहून त्या ठिकाणी आणि त्या खाद्याकडे वळतात. लसणाच्या रसाने भूक वाढते असे पुष्कळ पाळणारे मानतात, पण त्याचा पुरावा तोकडा आहे. जवळ्याच्या रसावर भिस्त ठेवणे अधिक शहाणपणाचे. लायनफिशसारख्या धडधाकट शिकारी माशाला शिकवताना दोन-तीन दिवस उपाशी ठेवले तर चालते. मँडरिनसारख्या, सतत टिपत राहणाऱ्या लहान माशाला उपाशी ठेवणे म्हणजे मारणेच.

हे तंत्र केवळ हौशी टाक्यांपुरते नाही. कोकणच्या खाड्यांतला जिताडा याच मार्गाने शेतीचा मासा झाला. थायलंडमध्ये १९७०च्या दशकात आणि भारतात १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेत त्याची बंदिस्त पैदास साधली. जिताड्याची अळी आधी रोटिफर हे सूक्ष्म प्लवक आणि मग आर्टेमिया खाते, आणि सुमारे तीन आठवड्यांनंतर तिला कृत्रिम खाद्यावर आणतात. त्या काळात जिवंत आणि कृत्रिम खाद्य एकत्र घालतात आणि जिवंताचा वाटा घटवत जातात. सगळी पिल्ले एकाच दिवशी शिकत नाहीत. शिकलेली झपाट्याने वाढतात आणि मागे पडलेल्या भावंडांना गिळतात. आपल्या लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश लांबीचे पिल्लूही जिताडा गिळू शकतो. म्हणून दर काही दिवसांनी पिल्ले आकारानुसार वेगळी करावी लागतात. जिताडा तळाला पडलेला दाणा सहसा उचलत नाही, खाली जाणाऱ्या दाण्यावरच झडप घालतो. त्याचे खाद्य सावकाश बुडणारे असावे आणि मूठमूठ करून फेकावे लागते. लायनफिशच्या काडीमागचे तत्त्वच इथे तलावाच्या मापात दिसते.

२०२३ मध्ये राज्यमासा ठरलेले आणि सातपाटीच्या नावाशी जोडलेले पापलेट याहून अवघड आहे. ते प्राणिप्लवक आणि जेलीफिश खाते, हात लागताच खवले गाळते आणि बंदिस्त जागेत बिथरते. कुवेतच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून समुद्रात पकडलेल्या माद्यांची अंडी फलित करून त्याची पिल्ले वाढवली आणि त्यांना तयार खाद्याची सवय लावली. पकडलेल्या मोठ्या पापलेटला शिकवण्यापेक्षा टाकीत जन्मलेल्या पिल्लाला शिकवणे सोपे असते, हे तिथल्या कामावरूनही दिसते.

क्लाउनफिशच्या बाबतीत हे आता घराघरांत सिद्ध झाले आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले. रोटिफर, मग आर्टेमिया, मग बारीक दाणा अशा क्रमाने वाढलेले पिल्लू दुकानात येते तेव्हाच दाणा ओळखत असते. पहिली खारी टाकी लावणाऱ्याने असाच हॅचरीतला मासा मागून घ्यावा. खायला न शिकलेला पकडलेला मासा आणि नवशिका पाळणारा यांच्या जोडीत मासाच बळी जातो.

एवढे श्रम दाण्यासाठी घ्यायचे, कारण नुसता जवळा कितीही ताजा असला तरी तो पूर्ण आहार नाही. चांगल्या दाण्यात जीवनसत्त्वे आणि मेदाम्ले मोजून घातलेली असतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि ताजा जवळा दुर्मीळ होतो. पावसात वीज गेली की फ्रीजमधला साठा वितळतो. दाण्यावर आलेला मासा हे दोन महिने सुरळीत काढतो. दाण्याचा डबा मात्र या किनाऱ्याच्या दमट हवेत झाकण घट्ट लावून ठेवावा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावा. तेल खवट झाले की शिकलेला मासाही पुन्हा दाणा थुंकू लागतो. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून दोनदा घालावे, उरलेले नळीने ओढून काढावे, आणि आठवड्यातून एक-दोनदा जवळा चालू ठेवावा.