जुन्या पिकअपला दुसरं डिझेल इंजिन: पैसे वसूल होतात का?

आजचा विषय थेट घाटंजीतल्या आमच्या अंगणातला. काकांची २०१२ ची बोलेरो पिकअप. सकाळी सुरू केली की निळा धूर, चढावर दम नाही, आणि दर आठवड्याला ऑइल टाकायचं. कापूस वेचणी तोंडावर. काका म्हणाले, "तू बीटेक नं बे? मंग सांग. एक जण कॉमन रेलचं जुनं इंजिन देतो म्हणते, फिटिंगसकट दीड लाखात. टाकू का?"

मी सॉफ्टवेअरवाला, पाना धरायची सवय नाही. पण हिशेब येतो.

आधी धूर समजून घ्या. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. रिंगा आणि लायनर झिजले की हा दाब निसटतो आणि ऑइल वर चढून जळतं, तोच निळा धूर. काळा असता तर डिझेल जास्त किंवा हवा कमी पडतेय असं समजलं असतं. मिस्त्रीने कॉम्प्रेशन मोजलं, चारपैकी दोन सिलिंडर ढिले. ऑइल प्रेशर मात्र ठीक, खालून ठोकल्याचा आवाजही नाही. म्हणजे क्रँक बहुतेक शाबूत. रिंग-पिस्टन, लायनर, हेडचं काम मिळून त्याने ७५ हजार सांगितले.

आता वसुली. काकांची गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर चालते. ॲव्हरेज १० वरून १२ वर आलं, तर २,००० लिटरऐवजी साधारण १,६६७ लिटर लागेल. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला ३० हजार वाचतात. ७५ हजार अडीच वर्षांत निघतात, दीड लाखाला पाच वर्षं लागतात. आणि गाडी विकायला काढली तर अडीच लाखही कोणी देईना!

कॉमन रेल बसवणं म्हणजे नुसतं नट-बोल्टचं काम नाही. त्यात हजार बारच्या वर दाब, सेन्सर, ईसीयू, वेगळं वायरिंग. जुन्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवून पाहिलेल्यांना हे दुखणं ठाऊक आहे. वाटेत बंद पडली तर गावच्या मिस्त्रीकडे स्कॅनर हवा.

आपल्याच जिल्ह्यात शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये काढून डिझेल जोडलं. पण रेल्वेचं इंजिन डब्यांपासून सुटं असतं हो!

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच मेक-टाइपचं इंजिन टाकलं तरी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद लागते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस आहे, तिथे इंजिन नंबर जुळला नाही की गाडी अडकली. अपघाताच्या क्लेमलाही तेच.

माझ्या मते अदलाबदल एकाच वेळी परवडते: ब्लॉक फुटलाय किंवा क्रँक गेलाय, आणि त्याच जातीचं इंजिन पक्क्या बिलासकट मिळतंय. त्या विक्रेत्याला मी बिल मागितलं, तर तो म्हणाला, "बिल कायले पाहिजे भाऊ?"

काकांनी मिस्त्रीला १० हजार बयाणा दिला. पिकअप सध्या त्याच्या शेडमध्ये उघडी पडलीय. क्रँक मोजून झाला की पुढच्या एपिसोडमध्ये आकडा सांगतो.